मशीन म्हणतं चांदी, खड्ड्यात निघतो खिळा: जुन्या होमस्टेडवर मेटल डिटेक्टर का फसतो

तक्रार साधारण अशी असते. अमेरिकेतल्या शेतात एखाद्या जुन्या होमस्टेडवर, म्हणजे पहिल्या वसाहतकऱ्यांच्या घराच्या जागेवर, मशीन फिरवताना अचानक उंच, स्वच्छ टोन येतो. पडद्यावर आकडा चांदीच्या नाण्याचा. आपण गुडघ्यांवर बसतो, सहा इंच खणतो, हाती काही लागत नाही. पुन्हा कॉइल, म्हणजे मशीनच्या दांड्याच्या टोकाची गोल थाळी, फिरवावी तर टोन चार बोटं डावीकडे सरकलेला. तिथं खणलं की टोनच नाहीसा. अर्ध्या तासानं ढेकळातून गंजून फुगलेला एक वाकडा खिळा निघतो. पुढच्या खड्ड्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच.

मग वैतागून आपण सेटिंगमध्ये जातो आणि लोखंड ऐकूच येणार नाही अशी सोय करतो. आता मशीन मुकं होतं. तळघराचा खळगा समोर दिसतोय, लायलॅकची झुडपं रांगेत उभी आहेत, घर इथंच होतं याबद्दल शंका नाही, तरी तीन तासांत एक टोन नाही.

या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण दुखणं एकच आहे: खिळे. नेब्रास्कातल्या लिंकन शहराच्या दक्षिणेला, गेज काउंटीत एका शेतकऱ्याच्या लेखी परवानगीनं मी पाच हंगाम एकाच जागेवर काम करते आहे. पहिले दोन हंगाम मी याच त्रासात घालवले. गेल्या वर्षात आयोवा आणि कॅन्ससमधल्या आपल्या मराठी मंडळींपैकी तिघांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

इतके खिळे येतात कुठून

होमस्टेड कायद्यावर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. १६० एकरांपर्यंत जमीन मिळायची, पण अट होती: तिथं घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं राहायचं. पहिल्याच दिवशी दावा नोंदवणाऱ्या डॅनियल फ्रीमन यांची जमीन इथून जवळच, बिआट्रिस गावाबाहेर आहे. म्हणजे या भागात अशा दाव्याच्या जमिनीवर कधी ना कधी एक घर होतं.

माळावर झाडं कमी असल्यामुळे पहिलं घर बऱ्याचदा गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचं असे. त्याला खिळे थोडेच, दाराच्या आणि खिडकीच्या चौकटीपुरते. पुढे रेल्वेनं लाकूड आणलं, फळ्यांची घरं उभी राहिली, आणि छपरापासून जमिनीपर्यंत हजारो खिळे ठोकले गेले. घर जळलं, पाडलं किंवा कुजून बसलं की लाकूड मातीत मिसळतं. खिळे तिथंच राहतात. पुढची शंभर वर्षं नांगर त्यांना इकडेतिकडे पसरवतो.

म्हणून कुठल्याही होमस्टेडवर पहिले पाच-सहा खिळे फेकू नका, धुऊन पाहा. चौकोनी, निमुळता, बोथट टोकाचा असेल तर तो लोखंडी पत्र्यातून कापून काढलेला जुना खिळा. गोल तारेचा, टोकदार असेल तर बहुधा १८९० नंतरचा, कारण त्या दशकात तारेच्या खिळ्यांनी कापीव खिळ्यांची जागा घेतली. एखाद्या खिळ्यावर फुगीर तांबडा गंज नसून करडा-काळा घट्ट थर दिसला, तर तो आगीत तापलेला असण्याची शक्यता मोठी. माझ्या जागेवर घराच्या उत्तरेकडचे बहुतेक खिळे तसे निघाले. घर जळलं होतं हे मला कागदपत्रांच्या आधी खिळ्यांनी सांगितलं.

लोखंड चांदीसारखं का बोलतं

कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूच्या आत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात आणि त्यांचा पडसाद कॉइलला किंचित उशिरा ऐकू येतो. मशीन हा उशीर मोजून आकडा ठरवतं. चांदी-तांब्यासारख्या चांगल्या वाहकात उशीर जास्त, बारीक चंदेरी कागदात कमी.

लोखंडाची पंचाईत अशी की ते वाहकही आहे आणि चुंबकाला धरणारंही. बारीक सरळ खिळ्यात चुंबकाचा गुण वरचढ ठरतो, मशीन त्याला बरोबर ओळखतं आणि खर्जात गुरगुरतं. पण वॉशर, कडी, रुंद बिजागरी, चुलीचं झाकण, गोल वळलेला खिळा यांत प्रवाहाला फिरायला ऐसपैस जागा मिळते आणि पडसाद थेट चांदीच्या रांगेत जाऊन बसतो. सरळ खिळासुद्धा टोकाशी फसवतो: कॉइल टोकावरून जाताना क्षणभर उंच चिवचिवाट होतो. तो खिळ्याच्या मध्यावर नसतो, बाजूला असतो. आपण खणतो ती जागा चुकते ती यामुळे.

टोन नाहीसा का होतो, याचं उत्तर गंजात आहे. शंभर-दीडशे वर्षांत खिळ्याचा गंज आजूबाजूच्या मातीत झिरपतो. ओल्या मातीत हा डाग आणि खिळा मिळून मशीनला एक मोठी वस्तू भासते. फावडं घातलं की डाग फुटतो आणि ती वस्तू उरतच नाही. खणायला लागल्यावर विरून जाणारा उंच टोन माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा लोखंडाचाच असतो. उरलेल्या एका वेळी नाणं ढेकळात उभं फिरलेलं असतं, त्याबद्दल पुढे सांगते.

खणण्याआधीच्या चाचण्या

जिथं टोन आला तिथंच उभे राहू नका. त्या जागेभोवती पाव फेरी मारा आणि आधीच्या रेषेला काटकोनात कॉइल फिरवा. सपाट पडलेलं नाणं दोन्ही बाजूंनी सारखंच बोलतं. खिळा एका बाजूनं गातो, दुसऱ्या बाजूनं गुरगुरतो.

इथं एक मोठी मेख आहे, आणि बहुतेक जण तिथंच चुकतात. खिळ्यांच्या गर्दीतलं खरं नाणंसुद्धा कधी कधी एकाच बाजूनं बोलतं, कारण दुसऱ्या बाजूनं कॉइल आधी खिळ्यावरून जाते. त्यामुळे "एका बाजूचा टोन म्हणजे खिळा" असा नियम करू नका. पाहायचं ते हे: त्या एका दिशेनं दहा वेळा कॉइल फिरवली तर दहाही वेळा टोन त्याच जागी येतो का? नाण्याचा टोन हलत नाही. खिळ्याचा टोन कॉइलच्या वेगाबरोबर सरकतो, आकडा उड्या मारतो.

मग पिनपॉइंट बटण दाबा. या स्थितीत मशीन धातू कोणता ते न पाहता फक्त कुठे आहे ते सांगतं. पिनपॉइंटचा मध्य आणि उंच टोनाचा मध्य एकच असेल तर खणा. दोघांत तीन-चार इंचांचं अंतर असेल तर ते खिळ्याचं टोक आहे असं समजायला हरकत नाही.

शेवटी कॉइल जमिनीपासून फूटभर उचला. नाण्याचा टोन लगेच मरतो. फूटभर वरूनही खणखणीत ऐकू आला तर खाली चुलीचा तुकडा किंवा पत्रा आहे.

सेटिंग: माझं मत

लोखंड बंद करू नका. मी हे आग्रहानं सांगते, कारण दोन हंगाम मी ते बंद ठेवून फिरले आणि घराच्या जागेवरून काहीही न ऐकता पुढे गेले. लोखंड बंद केल्यानं ते जमिनीतून जात नाही, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. एका टार्गेटवरून सावरायला मशीनला क्षणभर वेळ लागतो आणि त्या क्षणात शेजारचं नाणं निघून जातं. लोखंड चालू ठेवा, त्याचा टोन खर्जात आणि आवाज मंद ठेवा. खर्जाच्या गर्दीत मध्येच उठणारा बारीकसा उंच स्वर कान आठवडाभरात पकडायला शिकतात.

दुसरा बदल कॉइलचा. मशीनबरोबर येणारी ११ इंचाची कॉइल मोकळ्या अंगणाला उत्तम आहे, खिळ्यांच्या थरावर तिच्याखाली एका वेळी सात-आठ खिळे येतात. ६ इंचाची लावा. खोली कमी मिळते हे खरं, पण खिळ्यांच्या थरात तुमची अडचण खोलीची नसतेच, दाटीची असते.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक ऐकतं ते, कमी करा. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयानं बघतात. पूर्ण वाढवलेलं मशीन दूरच्या खिळ्यांचंही ऐकतं आणि सगळ्यांचा एकच गलका करतं. मी खिळ्यांवर ती जवळजवळ एकतृतीयांशानं उतरवते. सावरण्याचा वेग, म्हणजे रिकव्हरी स्पीड, वाढवायचा. कॉइल मात्र सावकाश फिरवायची, जेवताना ताटातले खडे शोधतो तशी.

काही मशीनमध्ये आयर्न बायस नावाचं सेटिंग असतं. ते वाढवलं की शंकास्पद टोन मशीन लोखंडाच्या खात्यात टाकतं. खोटे टोन कमी होतात, पण खिळ्याला चिकटलेलं नाणंही त्याच खात्यात जातं. अंगणात, विहिरीच्या वाटेवर मी ते वाढवून ठेवते. घराच्या प्रत्यक्ष जागेवर ते खाली आणते आणि खोटे टोन सहन करते.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला तिथल्या मातीची ओळख करून देणं, खिळ्यांवर कधीही करू नका. मशीन खिळ्यांनाच जमीन समजतं आणि दिवसभर वेड्यासारखं वागतं. पन्नास पावलं लांब, स्वच्छ जागा शोधा, तिथं करा, मग घराकडे या.

एक वेगळाच दोष खिळ्यांच्या नावावर खपतो. साधारण सेकंदाला एक अशी टकटक येत असेल, कॉइल स्थिर धरली तरी, तर ते विजेचं कुंपण आहे. शेतकऱ्याला विचारा, गुरं दुसरीकडे असतील तर तो बंद करून देईल. पाणी द्यायच्या फिरत्या पाइपांचा पंप चालू असला तरी मशीन किरकिर करतं. नॉइज कॅन्सल, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट टाळायचं सेटिंग, वापरून पाहा. बरोबर दुसरा माणूस मशीन घेऊन असेल तर दोघांत तीस-चाळीस फूट अंतर ठेवा.

घरी करायची परीक्षा

कुणाच्या सांगण्यावरून सेटिंग बदलू नका, माझ्याही नाही. जागेवरचेच चार जुने खिळे आणि एक तांब्याचं नाणं घ्या. प्लायवुडच्या तुकड्यावर नाणं मधोमध चिकटवा, खिळे त्याच्याभोवती एक-दोन इंचांवर वेडेवाकडे. आता चारही दिशांनी कॉइल फिरवा आणि प्रत्येक सेटिंगला नाणं किती दिशांनी ऐकू येतं ते वहीत लिहा. ११ इंचाच्या कॉइलनं मला एकाच दिशेनं ऐकू आलं, ६ इंचाच्या कॉइलनं तीन दिशांनी. त्या वहीच्या पानानं माझं जेवढं शिक्षण केलं तेवढं कुठल्याही व्हिडिओनं केलं नाही.

ही परीक्षा गॅरेजमध्ये करू नका. काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या असतात. माझा अख्खा रविवार त्यात गेला. अंगणात, गवतावर करा, आणि आधी तो तुकडा रिकामा आहे ना ते तपासून घ्या.

खरा इलाज: खिळे उचलायचे

सेटिंगनं निम्मं काम होतं. उरलेलं हातानंच करावं लागतं. पाच फूट बाय पाच फूट असा चौकोन दोरीनं आखून घ्या आणि त्यातला ऐकू येणारा प्रत्येक खिळा काढा. हो, प्रत्येक. माती कापडावर काढा, खड्ड्याच्या भिंतींना पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा डिटेक्टर, लावा, ढेकळं फोडा. टोन विरला असेल तर त्याच ढेकळात नाणं उभं फिरलेलं असू शकतं. उभ्या नाण्याची कड कॉइलला जेमतेम दिसते. कापडावरच्या मातीतून एक चुंबक फिरवा, गंजाचे खपले त्याला चिकटतील आणि माती स्वच्छ होईल. मग खड्डा बुजवून, कापलेली गवताची चकती जागेवर बसवून, चौकोन पुन्हा पहिल्यापासून ऐका.

माझ्या पहिल्या चौकोनातून ६३ खिळे निघाले. त्यानंतर ज्या जागेवरून मी दोन वर्षांत निदान वीस वेळा गेले असेन, तिथं मध्यम उंचीचा, अगदी स्थिर टोन आला. पाच इंचांवर एक पितळी अंगुस्तान होतं. एका बाजूनं चेपलेलं, सुईच्या खळग्यांच्या रांगा शाबूत. दुसऱ्या चौकोनात १८७४ चा इंडियन हेड सेंट, म्हणजे एक सेंटचं जुनं अमेरिकी नाणं, मिळाला, हिरवा झालेला. तो मी घासला नाही, तुम्हीही घासू नका. नळाचं पाणी आणि मऊ बोट पुरे.

लोखंड ऐकण्याचा आणखी एक फायदा मला आबांमुळे कळला. ते साताऱ्याहून आले होते आणि माझ्याबरोबर शेतावर बसून मी काढलेला ढीग निवडत होते. एक चपटा, स्वल्पविरामासारखा वाकलेला तुकडा मी भंगारात टाकला होता. तो त्यांनी उचलला, अंगठ्यानं माती पुसली आणि म्हणाले, "अगं, ही तर बैलाची पत्री की! हे बघ, खिळ्यांची भोकं." बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. पहिल्या वसाहतकऱ्यांच्या गाड्या आणि नांगर ओढायला बैलच जास्त होते हे मी वाचलं होतं, पण पत्री हातात असूनही ओळखली नव्हती. लोखंड बंद ठेवलं असतं तर ती जमिनीतच राहिली असती.

उचललेला प्रत्येक खिळा कुठल्या चौकोनातला ते लिहून ठेवा. आलेखाच्या कागदावर आकडे भरत गेलं की घर दिसायला लागतं. दाट आकड्यांची पट्टी म्हणजे भिंत. माझ्या कागदावर पूर्वेच्या पट्टीत तीन-साडेतीन फुटांची फट आहे. ते दार असावं. अंगुस्तान त्या फटीच्या समोर, चार फुटांवर मिळालं. उजेडासाठी दाराशी बसून कुणीतरी शिवत असेल.

कुठे नाही खणायचं

परवानगी लेखी घ्या, जमीन खासगी आहे याची खात्री करा. केंद्र सरकारच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय उकरणं १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानात मशीन जवळ बाळगायलाही मनाई आहे, आणि फ्रीमन यांची ती जमीन आज राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, तेव्हा तिथं फक्त बघायला जा. जरूर जा.

आणि ही जमीन रिकामी नव्हती. गेज काउंटीच्या दक्षिणेला बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिसूरिया या मूळनिवासी लोकांचं राखीव क्षेत्र होतं. १८८१ मध्ये त्यांना इथून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. दगडाचं हत्यार किंवा खापर दिसलं तर मी तिथला चौकोन बंद करते. हाड दिसलं तर सगळं काम थांबवून मालकाला आणि शेरीफला कळवायचं, यात दुसरा विचार नाही.

इकडून मशीन घेऊन सुट्टीत महाराष्ट्रात जाणाऱ्यांना कळकळीनं सांगते: ते गडावर नेऊ नका. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकांवर १९५८ च्या कायद्यानं परवानगीशिवाय खणता येत नाही. एक शिवराई उकरून खिशात टाकली की ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती ही माहिती कायमची जाते. माझ्या खिळ्यांच्या कागदानं जे दाखवलं, ते नेमकं या माहितीमुळेच दिसलं.

शेतकरी आजोबांना मी तो आलेख गेल्या नोव्हेंबरात दिला. हा दावा त्यांच्या पणजोबांनी लावला होता. ते कागद घेऊन शेतात गेले, पावलं मोजत फटीच्या जागी उभे राहिले आणि विहिरीकडे तोंड करून बराच वेळ तसेच राहिले. अंगुस्तान आणि नाणं त्यांच्याकडेच आहे, करार तसा आहे. खिळे त्यांनी कॉफीच्या डब्यांत भरून ठेवलेत, प्रत्येक डब्यावर चौकोनाचा नंबर. पश्चिमेकडचे अकरा चौकोन अजून व्हायचेत. सोयाबीन निघालं की छोटी कॉइल घेऊन जाईन.